जुनी लाकडी मशिनिस्ट पेटी: ओळखायची कशी, घ्यायची कशी, जपायची कशी

अमेरिकेत ओहायो, मिशिगन, कनेटिकट या जुन्या कारखानदारीच्या पट्ट्यात राहत असाल आणि शनिवारी सकाळी एस्टेट सेल (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तो) धुंडाळायची सवय असेल, तर ही पेटी तुम्हाला कधी ना कधी दिसणारच. ओकची, एका माणसाला उचलता येईल एवढी, वर कातडी मूठ. पुढची फळी काढली की आत उथळ खणांची रांग, आणि प्रत्येक खणात हिरवं फेल्ट. शेजारी कोणीतरी 'सुंदर जुनी पेटी' एवढंच लिहून भलतीच किंमत लावलेली असते, किंवा काय आहे हे माहीत नसल्यामुळे अगदीच कमी.

आपल्याकडच्या टूलरूममध्ये टोकन देऊन क्रिबमधून, म्हणजे हत्यारांच्या खोलीतून, मायक्रोमीटर घ्यायचा आणि काम झालं की परत करायचा, ही पद्धत मी पाहिलेली. अमेरिकेत मात्र मशिनिस्टची, म्हणजे यंत्रांवर धातूचं बारीक काम करणाऱ्या कारागिराची, मोजमापाची हत्यारं बहुधा त्याच्या स्वतःच्या मालकीची असत. नोकरी बदलली की तो पेटी उचलून पुढच्या कारखान्यात जाई. मूठ, कुलूप, कोपऱ्यांवरचे निकेलचे पत्रे, आतलं मऊ अस्तर, हे सगळं त्या फिरतीसाठी आहे. हे डोक्यात ठेवलंत तर पेटीतली प्रत्येक गोष्ट तिथे का आहे ते कळतं, आणि दुरुस्त करताना काय काढून टाकायचं नाही तेही कळतं.

मी अनेक नवशिक्यांच्या हातून चांगल्या पेट्या घासून-पुसून, पॉलिश मारून वाया गेलेल्या पाहिल्या आहेत. म्हणून आधीच कळकळीने सांगतो: ओळखायला भरपूर वेळ द्या, आणि हात लावायचा तो कमीत कमी.

लागणारं सामान

• टॉर्च, छोटं भिंग, मोजपट्टी, फोन
• मऊ सुती फडकी (जुनी धुतलेली बनियन उत्तम), कापसाचे बोळे, जुना टूथब्रश
• मिनरल टर्पेंटाइन आणि थोडं डीनेचर्ड स्पिरिट
• फर्निचरचं घट्ट मेण, एक साधी पांढरी मेणबत्ती
• सपाट, नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर (दोन-तीन मापांचे)
• सरस किंवा साधा पांढरा सुतारी गोंद, शंभर टक्के लोकरीचं फेल्ट
• हातमोजे आणि धुळीचा मास्क
• पेन्सिल आणि कागदी चिकटपट्टी

१. ही मशिनिस्टचीच पेटी आहे ना, ते पाहा

दातांच्या डॉक्टरांची कपाटं, चांदीच्या चमच्यांच्या पेट्या, नाणी ठेवायचे खण, हे सगळं बाजारात 'मशिनिस्ट चेस्ट' म्हणून विकलं जातं. खरी पेटी साधारण २० इंच रुंद, ९-१० इंच खोल आणि १३-१४ इंच उंच असते. लहान-मोठ्या आकारांच्याही मिळतात, पण डोळ्याला हे प्रमाण ओळखीचं झालं पाहिजे.

नक्की खुणा अशा. झाकण वर उघडतं आणि त्याखाली एक उघडा कप्पा असतो. पुढची फळी सुटी असते. ती काढून सगळ्यात खालच्या खणाच्याही खाली असलेल्या फटीत सरकवून ठेवता येते, म्हणजे काम करताना वाटेत येत नाही. फळी लावून झाकण मिटलं आणि एकच कुलूप फिरवलं की सगळे खण एकदम बंद. आणि बहुतेक मोठ्या पेट्यांत मधोमध एक खण इतरांपेक्षा उंच आणि अरुंद असतो. तो 'मशिनरीज हँडबुक' या ग्रंथासाठी. हे पुस्तक पहिल्यांदा १९१४ मध्ये निघालं, आणि आजही ते जाडजूड पण लहान आकारात मिळतं. मशिनिस्टने ते पेटीत ठेवायचं, हे इतकं गृहीत होतं की पेटी करणाऱ्यांनी त्याच्या मापाचा खणच ठेवला. तो खण दिसला की तुमची शंका बरीचशी फिटते.

झाकणाच्या आत आरसा असेल तर चकित होऊ नका. तो मूळचाच असू शकतो. डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण काढायला तो ठेवत, असं जुने कामगार सांगतात.

२. कोणाची, किती जुनी

सगळ्यात जास्त नाव ऐकाल ते गर्स्टनरचं. ओहायोतल्या डेटन शहरात हॅरी गर्स्टनर यांनी १९०६ मध्ये हा उद्योग सुरू केला आणि 'एच. गर्स्टनर अँड सन्स' आजही पेट्या बनवते. डेटन म्हणजे राइट बंधूंचं गाव, कॅश रजिस्टर बनवणाऱ्या एनसीआरचं गाव. बारीक काम करणाऱ्या कारागिरांची तिथे कधीच कमतरता नव्हती. गिऱ्हाईक अंगणातच होतं.

पण गर्स्टनर म्हणजेच सगळं नव्हे. न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरची युनियन, ओहायोतल्या स्वॉन्टनची पिलियड, यांच्या जुन्या पेट्याही टिकाऊ आहेत आणि नाव कमी गाजलेलं असल्यामुळे परवडतात. इंग्लंडमध्ये असाल तर शेफील्डच्या मूर अँड राइटचं नाव दिसेल. तपकिरी रंगाची पत्र्याची केनेडी पेटी दिसली तर तीही मशिनिस्टचीच (ओहायोतलं व्हॅन वर्ट हे तिचं गाव), पण हा लेख लाकडी पेट्यांचा आहे.

काहीच नाव नसेल तरी पेटी टाकाऊ ठरत नाही. शिकाऊ कामगार स्वतःची पेटी स्वतः करत. अशा पेटीत सांधे कुठे थोडे तिरके असतील, पण एखाद्याने आयुष्यभर वापरायच्या हिशेबाने केलेलं काम लपत नाही. मला स्वतःला कारखान्याच्या पेटीपेक्षा अशी पेटी जास्त आवडते.

वय ठरवायला या गोष्टी बघा:

• बिल्ला (पेटीवरची कंपनीच्या नावाची पाटी) आणि पत्ता. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) असेल तर पेटी १९६३ नंतरची. तो तेव्हाच सुरू झाला. शहराच्या नावापुढे नुसता एक किंवा दोन आकडी विभाग क्रमांक असेल, तर तो बिल्ला १९४३ ते १९६३ च्या दरम्यानचा असण्याची शक्यता जास्त.
• स्क्रू. फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आले. बिजागऱ्यांना अधिक-चिन्हाचे स्क्रू असतील तर पेटी त्यानंतरची, नाहीतर बिजागरी बदललेली.
• कुलूप. ईगल किंवा कॉर्बिन ही नावं दिसतील. दोन्ही कनेटिकटच्या कंपन्या, आणि दोन्ही पेटी करणाऱ्यांना कुलपं पुरवत. कुलपावरून पेटीचा कारखाना ठरत नाही. इथे पुष्कळजण फसतात.
• आतली हत्यारं. स्टारेट कंपनीच्या मायक्रोमीटरवर पेटंटची तारीख असली तरी ती हत्याराची तारीख आहे. वडिलांची हत्यारं मुलाच्या नव्या पेटीत जात.

'गर्स्टनर इंटरनॅशनल' असं लिहिलेलं असेल तर ती याच कंपनीने चीनमध्ये बनवून घेतलेली स्वस्त मालिका. वापरायला ती वाईट नाही, पण डेटनच्या जुन्या पेटीचे पैसे तिला देऊ नका. विकणारा बिल्ल्याचा फोटो देत नसेल तर आग्रहाने मागा.

३. लाकूड ओळखा

बहुतेक चांगल्या पेट्या क्वार्टरसॉन ओकच्या. ओंडका केंद्राकडून बाहेर अशा दिशेने चिरला की फळीवर वाढीची वर्तुळं उभ्या सरळ रेषांसारखी दिसतात आणि त्यांना आडवे जाणारे चकाकते पट्टे उमटतात. टॉर्च तिरका धरा आणि हळूहळू फिरवा: पट्टा एका कोनात लाकडापेक्षा उजळ दिसतो, जरा कोन बदलला की गडद. रंगवून आणलेल्या नकली नक्षीत हा बदल दिसत नाही.

या चिरण्याला पैसे जास्त लागतात, कारण ओंडक्याचा बराच भाग वाया जातो. मग का करायचं? साध्या चिरलेल्या ओकच्या मानाने अशी फळी रुंदीत साधारण निम्मीच आकसते-फुगते. खण आणि चौकट यांच्यात कागदाएवढी फट असते. तिथे हा फरक फार मोठा.

ओकशिवाय अक्रोड आणि चेरीच्या पेट्या येतात. काहींवर काळं, दाणेदार लेदरेट (नकली कातडं) चढवलेलं असतं. त्याखाली साधं लाकूड असतं आणि ते तसंच असायला हवं. 'आत छान ओक निघेल' या आशेने ते सोलू नका.

४. पैसे देण्याआधीची तपासणी

या क्रमाने बघा, कारण वरच्या गोष्टी दुरुस्त करायला सगळ्यात अवघड आहेत.

पहिली गोष्ट, पुढची फळी आहे का? ही सुटी असल्यामुळे हमखास हरवते. ती नसेल तर पेटी बंदच होत नाही, आणि रंग-रेषा जुळणारी दुसरी करणं हे कसबी सुताराचं काम. किंमत त्या हिशेबाने पाडून मागा.

मग पेटी उलटी करून तळ बघा. ओल लागलेली पेटी तळाकडून बिघडते: प्लायवूडचे पदर सुटतात, कोपऱ्यातले सांधे उघडतात. एक खण पूर्ण काढून त्याच्या मागच्या बाजूला आणि आतल्या चौकटीत टॉर्च मारा. बारीक गोल भोकं आणि त्याखाली पिठासारखी ताजी भुकटी असेल तर भुंगेरा जिवंत आहे. अशी पेटी घरात आणू नका. भोकं जुनी, काळपट आणि भुकटी नसेल तर घाबरायचं कारण नाही. तरी महिनाभर वेगळ्या जागी काळ्या कागदावर ठेवून भुकटी पडते का ते बघा.

खणांची अदलाबदल करून पाहू नका. प्रत्येक खण आपल्या जागेसाठी घासून बसवलेला असतो.

किल्ली नाही? हे फार मोठं संकट नाही. कुलपाच्या तोंडावर बऱ्याचदा क्रमांक कोरलेला असतो आणि जुन्या कुलपांचा जाणकार त्यावरून किल्ली करून देतो. पण पेटी बंद अवस्थेत असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून झाकण उचकटू नका. झाकणाच्या कडेचा तुटलेला ओक पुन्हा कधीच नीट सांधत नाही.

फाटलेलं फेल्ट, तुटलेली कातडी मूठ, खणांच्या हरवलेल्या एक-दोन मुठी, कुबट वास, यांना अजिबात भिऊ नका. ते सगळं सुधारतं. गर्स्टनरच्या पेटीसाठी तर मुठी, फेल्ट, कुलूप असे सुटे भाग कंपनीच विकते.

५. घरी आणल्यावर आधी नोंद

साफसफाईची घाई होते, पण थांबा. प्रत्येक खणाचा, भरलेल्या अवस्थेतला, फोटो काढा. मग खण काढून मागच्या बाजूला पेन्सिलने क्रमांक घाला: डावा १, डावा २, असे.

फेल्टवर दाबले गेलेले आकार नीट बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवलेला मायक्रोमीटर फेल्टमध्ये आपल्या कमानीचा ठसा सोडतो. बाजूला गोल ठसा असतो तो डायलचा. आधीच्या मालकाने कुठलं हत्यार हाताशी ठेवलं होतं, कुठलं मागे, हे या ठशांवरून वाचता येतं. झाकणाच्या आत चिकटवलेले दशांशाचे तक्ते, खणाखाली लिहिलेलं नाव, बॅज नंबर, पगाराची चिठ्ठी, हे सगळं ठेवा. नाव खरवडून काढलं तर पेटीचा इतिहास गेला, आणि तो पुन्हा मिळत नाही.

६. लाकडाची सफाई

आधी कोरडी धूळ ब्रशने काढा. बुरशी असेल तर हे काम घराबाहेर, मास्क लावून. मग फडक्यावर थोडं मिनरल टर्पेंटाइन घेऊन एका वेळी वीतभर भाग पुसा. फडकं तपकिरी होईल. ते तेल आणि कारखान्यातली काजळी आहे. लाकडाचा रंग नव्हे. फडकं सारखं बदलत राहा. दोन-तीन हातांत एवढा फरक पडतो की बहुतेक पेट्यांना पुढे काही करावंच लागत नाही. वाळल्यावर मेणाचा पातळ हात द्या, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने चमक आणा.

पॉलिश कुठलं आहे हे जाणून घ्यायचं असेल तर झाकणाच्या आत, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, स्पिरिटचा थेंब कापसाने टेकवा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. त्याने काही झालं नाही आणि लॅकर थिनरने विरघळलं, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा वार्निश. हे कळलं की नुसता खराब झालेला तुकडा त्याच जातीच्या पॉलिशने सांधता येतो.

ओकच्या बाबतीत काही गोष्टी कटाक्षाने टाळा:

• पाणी आणि स्टील वूल एकत्र. ओकमध्ये टॅनिन भरपूर. लोखंडाचा कण, ओल आणि टॅनिन एकत्र आले की निळे-काळे डाग पडतात. घासायचंच असेल तर नायलॉनचं बारीक पॅड वापरा.
• अमोनियावालं काच पुसायचं द्रव. अमोनियाने ओक काळवंडतो.
• खणांच्या आत अळशीचं तेल. ते चिकट होतं, वास सोडतं आणि खण अडकतात. शिवाय अळशीच्या तेलाची चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेतात. बाहेर कुठे वापरलंत तर फडकी पसरून वाळवा.
• पॉलिश पेपर. मूळ पॉलिश घासून काढलेल्या पेटीची किंमत जाणकारांच्या लेखी घसरते. क्वार्टरसॉन ओकवर जुना मधासारखा रंग चढलेला असतो, तो नव्या पॉलिशने येत नाही.

उघड्या लाकडावर काळा डाग पडलाच असेल तर ऑक्झॅलिक अॅसिडचं पातळ द्रावण त्यावर चालतं. ते विषारी आहे. हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा आणि नंतर ओल्या फडक्याने नीट पुसून घ्या.

कुबट वासासाठी पेटी उघडी करून सावलीत, वाऱ्याला ठेवा. भर उन्हात ठेवलीत तर पॉलिश उलेल आणि फळ्या तडकतील.

७. खण, फेल्ट आणि धातूकाम

अडकणाऱ्या खणाला आधी मेणबत्ती लावा: सरकपट्टीवर आणि खणाच्या कडेला घासायची, बस. तेलाचा स्प्रे मारू नका, लाकूड तो पिऊन टाकतं. मेणानेही भागलं नाही तर कोरड्या दिवसांची वाट बघा. दमट हवेत फुगलेला खण रंध्याने उतरवला, तर हिवाळ्यात तो खुळखुळणार.

फेल्ट शक्य तेवढं जुनंच ठेवा. कसर लागलेलं किंवा तेलाने भिजलेलं असेल तेव्हाच बदला, कारण भिजलेलं फेल्ट ओल धरतं आणि हत्यारं खालून गंजतात. जुनं अस्तर बहुधा सरसाने चिकटवलेलं असतं. किंचित ओलसर गरम फडकं थोडा वेळ ठेवलं की सुटतं. काही खणांचा तळ पत्र्याचा असतो, तिथे ओल अजिबात राहू देऊ नका. नवं फेल्ट लोकरीचंच घ्या. कागदाचा साचा कापा, खणात बसवून बघा, मग फेल्ट कापा. गोंद तळाला, पातळ. फेल्टला लावला तर तो वर झिरपून कडक डाग पडतो. फवाऱ्याचा रबरी गोंद काही वर्षांत सुटतो आणि मागे चिकट राड राहते.

निकेलचा थर अगदी पातळ असतो. पितळेचं पॉलिश घासलंत तर चकाकतं, पण खालचं पिवळं पितळ उघडं पडतं. मऊ फडकं, थेंबभर हलकं तेल, पुरे. कुलपात तेलाऐवजी ग्रॅफाइटची भुकटी घाला. सपाट खाचेचे जुने स्क्रू सोडवताना खाचेत घट्ट बसणारंच पातं वापरा, आणि प्रत्येक स्क्रू त्याच्याच भोकात परत जाईल असा कागदावर टोचून ठेवा.

कातडी मूठ दिसायला धड असली तरी भरलेली पेटी तिच्यावर उचलू नका. दोन्ही हात तळाखाली घाला. भरलेली पेटी २५ किलोच्या पुढे सहज जाते, आणि जुनं कातडं काही न सांगता तुटतं. जड वस्तू खालच्या खणांत ठेवा आणि वरचे सगळे खण एकदम बाहेर ओढू नका. पेटी तोंडावर येते.

८. हत्यारं ठेवताना

ओकमधून सेंद्रिय आम्लाची वाफ अगदी हळूहळू निघत राहते आणि बंद, दमट जागेत ती धातूला बाधते. म्हणून पेटीत ठेवण्याआधी हत्यारांना गंजरोधक तेलाचा पुसट हात द्या. स्लिप गेज (अचूक मापाचे पोलादी ठोकळे) उघडे ठेवू नका. खणात सिलिका जेलच्या पुड्या किंवा गंजरोधक वाफेचा व्हीसीआय कागद ठेवा.

जुने अमेरिकन मशिनिस्ट पेटीत कापराची वडी ठेवत. कापराची वाफ धातूवर पातळ थर धरते, असं ते मानत. आपल्या घरात कापूर असतोच, वापरा. पण उघड्या बशीत किंवा डबीत ठेवा, लाकडाला टेकवू नका. नायट्रोसेल्युलोज लॅकर कापराने मऊ पडतं.

९. भारतात आणायची असेल तर

ओहायोतल्या हिवाळ्यात, हीटर चालू असलेल्या घरात हवा फार कोरडी असते. तीच पेटी जुलैत मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत ठेवली की लाकूड पाणी ओढतं. पहिल्या पावसाळ्यात खण अडकणार हे धरूनच चाला. अडकलेला खण ओढू नका, दिवाळीनंतर तो आपोआप सुटतो.

सामान जहाजाने येत असेल तर बाहेरच्या खोक्याचं लाकूड उष्णोपचार केलेलं आणि तसा आंतरराष्ट्रीय शिक्का असलेलं आहे याची खात्री करा. हत्यारं वेगळी, तेल लावून, व्हीसीआय कागदात बांधा. रिकामे खण पेटीतच ठेवा पण मध्ये कागद ठासा, आणि पुढची फळी फटीत न ठेवता आपल्या जागी लावून कुलूप घाला. किल्ली मात्र हातातल्या बॅगेत.

इथे पोचल्यावर पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. आतल्या खोलीत टेबलावर ठेवा, पावसाळ्यात आठवड्याला एकदा सगळे खण काढून वारा द्या, आणि सिलिका जेलच्या पुड्यांतले दाणे रंग बदलले की त्या तापवून कोरड्या करा किंवा नव्या घाला.